नकाशात नसलेलं दार

रविवार, २२ जानेवारी

ठमे,

पत्रास कारण काही नाही, असं लिहून सुरुवात करणार होते. चार वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, तर बिनकारणाचं पत्र तरी उघडशील, असा माझा डाव. बघू.

माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, पण ते तू शाळेत होतीस तेव्हापासून कुरकुरतात. यंदा मला सातवी 'क' दिलीय. आमच्याकडे 'क' म्हणजे ज्यांच्यापुढे बाकीच्या शिक्षकांनी हात टेकले त्या मुलांचा वर्ग. शिक्षकांच्या खोलीत त्याला 'गोदाम' म्हणतात. हेडसर म्हणाले, "तुमचा दरारा आहे, बाई, तुम्हीच घ्या." कसला दरारा! वर्गात पट्टी न्यायची मी सोडली त्याला बावीस वर्षं झाली. फळ्यावर रेघ मारायलासुद्धा नेत नाही. हातानेच वाकडी रेघ मारते आणि मुलं हसतात.

पट्टीऐवजी मी आगपेट्या नेते. टेबलावर एकवीस काड्या मांडायच्या. दोघांनी आळीपाळीने एक, दोन किंवा तीन उचलायच्या. शेवटची काडी ज्याच्या वाट्याला येईल तो हरला. "पाहुणा म्हणून पहिली पाळी तुझी," असं म्हणून मी प्रत्येकाला आधी खेळायला लावायचे आणि महिनाभर एकाही पोराला जिंकू दिलं नाही. मग एके दिवशी मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आज पाहुण्या तुम्ही." मी पहिली काडी उचलली आणि सरळ हरले. एवढा आनंद मला कधी जिंकूनही झाला नव्हता.

त्या मुलीला सगळे मुंगी म्हणतात. आहे एवढीशी आणि कुठल्याही फटीतून पलीकडे जाते. पाचवीपासून गणितात नापास, कारण तिला कोणी कधी काही विचारलंच नव्हतं.

आता वर्गाला नवीन कोडं दिलंय. शाळेच्या तळमजल्याचा नकाशा काढून दिला, सगळ्या खोल्या, व्हरांडा आणि सगळी दारं दाखवून. प्रत्येक दारातून एकदा जायचं. एकही दार सुटता कामा नये, एकही दोनदा नको. जमेल त्याने दिवसभर माझ्या खुर्चीत बसायचं. पोरं वेडी झालीत. तासाला हमखास झोपणारा एकजण काल बसथांब्यापर्यंत माझ्यामागे आला, हवेत बोटाने दारं मोजत.

तुला एक सांगते, वर्गाला सांगितलेलं नाही. ते कोडं सुटतच नाही. ज्या खोलीला विषम दारं असतात तिथून तुला सुरुवात करावी लागते, नाहीतर तिथे शेवट करावा लागतो. सुरुवात एक, शेवट एक, म्हणजे अशा खोल्या दोनच चालतात. आमच्या नकाशात त्या चार आहेत. मुलांनी हे आपणहून शोधावं आणि "बाई, हे होणारच नाही," असं माझ्या तोंडावर सांगावं, एवढंच मला हवंय.

तुझी छोटी आता नऊ वर्षांची झाली असेल. तिला सुट्टीत माझ्याकडे पाठव म्हटल्यावर तू फोन का आपटलास, ते मला आजही कळलेलं नाही. पाढे पक्के करून देते, एवढंच तर म्हणाले होते.

आई

रविवार, ५ फेब्रुवारी

ठमे,

पोस्टमन दोनदा दारावरून गेला. मी वाट पाहत नव्हते असं म्हणणार नाही.

काल मुंगी हरवली होती. सापडली, हे आधीच सांगून टाकते.

शनिवारी शाळा साडेबाराला सुटते. चारच्या सुमाराला मुंगीची आई माझ्या दारात उभी. ती घरी कपडे शिवते, मापाची फीत तशीच गळ्यात. "बाई, पोरगी घरी आली नाही. कुठल्याच मैत्रिणीकडे नाही. तुमच्याकडे आली होती का हो?" तिच्याबरोबर गल्लीतली चार माणसं होती. त्यांतला एक म्हणाला, कालव्यावर बघू, मुलं जातात तिकडे. सगळे कालव्याकडे धावले. मी शाळेकडे गेले. का ते विचारू नकोस. सुचलं.

आमचे शिपाई शाळेमागेच राहतात. मुलं त्यांना किल्लीकाका म्हणतात. कमरेला सत्तावीस किल्ल्या, आणि डोळे मिटून नुसत्या हाताने सांगतील कुठली कशाची. मी म्हटलं, जिन्याखालची खोली उघडा.

"तिथं काय असणार, बाई? मोडके बाक. झाडून, आत बघून मीच कुलूप घातलंय."

"उघडा म्हणते ना!"

बाकांच्या मागे, भिंतीला पाठ लावून मुंगी बसली होती. ओरडून ओरडून आवाज गेलेला. त्या खोलीत आणि प्रयोगशाळेत एक जुनं दार आहे. प्रयोगशाळेच्या बाजूने त्याच्यापुढे कपाट उभं केलंय, म्हणून ते मला कधी दिसलंच नाही आणि माझ्या नकाशातही आलं नाही. मुंगी कपाटामागच्या फटीतून गेली, दार ढकलून आत उतरली. दार मागे आपोआप लागलं. आतल्या बाजूने त्याला मूठच नाही. बाहेरच्या दाराला तोपर्यंत काकांचं कुलूप पडलेलं. तिथे ती चार तास होती. रविवारी शाळा बंद. मी गेले नसते तर सोमवार उजाडला असता.

दार तिने नखांनी उघडायला पाहिलं होतं. तीन नखं मुळापासून निघाली. मी तिचे हात माझ्या हातात घेतले आणि मला एक दवाखाना आठवला. असो.

"बाई, सुटतं," ती म्हणाली. म्हणजे ओठ हलले, आवाज नव्हताच. "ग्रंथालयातून निघायचं. तुमच्या खोलीत संपतं."

बरोबर आहे तिचं. त्या एका जादा दाराने चारातल्या दोन खोल्या सम होतात आणि कोडं सुटतं. मी त्या बाकांमध्ये उभी राहून मनातल्या मनात पडताळून पाहिलं. पोरीच्या बोटांतून रक्त येत होतं आणि मी दारं मोजत होते. अशी आहे तुझी आई.

ती कोणालाही न सांगता, आपल्या मनानेच गेली. हेडसरांना मी तसं सांगितलंय.

आई

गुरुवार, ९ फेब्रुवारी

ठमे,

मागच्या पत्राच्या शेवटी, मुंगी आपल्या मनानेच गेली असं लिहिलं, ते खरं नाही.

हे तुला का सांगतेय, माझं मलाच कळत नाही. बहुतेक तू उत्तर देत नाहीस म्हणून. उत्तर देणाऱ्या माणसाशी खरं बोलायला मला जमलेलं नाही.

येत्या बुधवारी चौकशी आहे. वरून तीन माणसं येणार. हेडसर माणूस वाईट नाही, भित्रा आहे. सतत घड्याळ बघतो, जसं काही संकट ठरल्या वेळेला येणार आहे. आज मला बोलावून दार लावून घेतलं.

"बाई, दोनच वाटा आहेत. एक तर आत न बघता कुलूप लावलं म्हणून शिपाई जाईल. नाहीतर असली कोडी दिली म्हणून तुम्ही जाल आणि तुमच्याबरोबर हे सगळे खेळ जातील. शिपाई कंत्राटावर आहे. त्याला एवढं काय?"

"त्यांनी बघितलं होतं. ती नंतर दुसऱ्या बाजूने आली."

"ते तो म्हणतो. त्याचं कोण ऐकतंय? तुम्ही फक्त मुलगी आपल्या मनाने गेली एवढं सांगा. मुलगीही तेच सांगतेय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी मान हलवली. हो अशी नाही आणि नाही अशीही नाही. जिन्यात किल्लीकाका भेटले. "बाई, मी बाकांच्या खालीसुद्धा वाकून बघितलं होतं," एवढंच म्हणाले. दिसेल त्याला ते सध्या हेच सांगतायत. मी "माहीत आहे मला" म्हणाले आणि पुढे गेले. जिन्यात माहीत असून काय उपयोग?

आता खरं. शनिवारच्या आधीच्या गुरुवारी, तास संपल्यावर मुंगी माझ्या टेबलाशी आली होती. म्हणाली, "बाई, हे होत नाही. चार खोल्या अडतात. अजून एक दार असतं तर झालं असतं."

कळतंय का तुला? मला जे हवं होतं तेच ती घेऊन आली होती. पाचवीपासून नापास होणारी मुलगी, आणि तिने ते स्वतः शोधलं. मी त्याच क्षणी खडू खाली ठेवून म्हणायला हवं होतं की हेच उत्तर, ये, बस खुर्चीवर. पण मला हाव सुटली. चांगला विद्यार्थी दिसला की मला नेहमी आणखी एक पायरी हवी असते. हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? मी हसून म्हणाले, "मग शोध की!"

तिने शोधलं.

आई

रविवार, १२ फेब्रुवारी

ठमे,

आज मुंगी आणि तिची आई घरी आल्या होत्या. मुंगीच्या दोन्ही हातांना पट्ट्या. आईने माझ्यासाठी ब्लाउज शिवून आणला होता, माप न घेता. "तुम्ही नसता तर माझी पोर सोमवारपर्यंत आत..." माझे हात धरून रडली. मला ते हात सोडवून घ्यावेसे वाटत होते.

ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि मुंगी पटकन माझ्या कानाशी आली.

"बाई, माझी वही तुमच्याकडेच आहे ना?"

"आहे."

"कोणी बघितली नाही ना?"

"नाही."

"मग द्या. शेवटचं पान मी फाडते. बुधवारी मी सांगणार आहे की तुम्हाला काहीच माहीत नव्हतं. पाठ केलंय."

"कोणी सांगितलं असं करायला?"

"कोणी नाही. तुम्ही गेलात तर परत पट्टीवाले सर येतील."

वही माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. शनिवारी तिने ती तपासायला दिलेल्या गठ्ठ्यात ठेवली होती. मी घरी आले, जेवले, दोन वाजता गठ्ठा काढला. शेवटच्या पानावर शाळेचा नकाशा आणि प्रयोगशाळेपासून जिन्याखालच्या खोलीपर्यंत पेन्सिलची एक रेघ. खाली लिहिलेलं, 'बाई, दार सापडलं. कपाटाच्या मागे आहे. आज शाळा सुटल्यावर जाऊन बघते.'

मी ते दोन वाजता वाचलं, ठमे. लाल शाईने 'शाब्बास' लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या. मग वही गठ्ठ्यावर ठेवली आणि आडवी झाले. डोळा लागला.

तेव्हा ती दीड तास आत होती. मी डुलकी काढत होते तेव्हा तिची नखं निघत होती.

अजून एक आहे. चार वाजता तिची आई दारात आली तेव्हा तिने तोंड उघडायच्या आत मला कळलं होतं पोरगी कुठे आहे. मी म्हणू शकले असते, "शाळेत आहे, चला." पण मग कोणीतरी विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत? म्हणून मी गप्प बसले. वाटलं, गुपचूप जाऊन काढते बाहेर, कोणाला कळायचं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी जाणूनबुजून घालू दिला. मुंगीची आई तासभर कालव्याच्या काठाने पाण्यात बघत फिरली. आज तिनेच मला ब्लाउज आणला. अंगावर घालून पाहिला, कुठेही सैल नाही की घट्ट नाही.

मी मुंगीला वही दिली नाही. बुधवारी समितीला देणार, म्हणूनही नाही. ठरवलेलं नाही काही. पान माझं मीच फाडलं तर तिच्यावर तरी पाप नको, असा विचार करत बसले होते. बघ, किती चांगली शिक्षिका.

पण तिने "पाठ केलंय" म्हटलं ना, तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोरून ते हलत नाहीये. हिरव्या पडद्याचा दवाखाना, उंच स्टूल, आणि त्यावर तू. पाय जमिनीला टेकत नव्हते. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं गं करंगळीला? मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात तूच म्हणालीस, "दारात सापडली." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "हो, दारात." आणि श्वास सोडला.

तो श्वास तू ऐकलास. स्टुलावर बसल्या बसल्या तू मान वळवून माझ्याकडे बघितलं होतंस. नऊ वर्षांची होतीस.

फोन का आपटलास ते मला कळतं. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं.

आई

बुधवार, १५ फेब्रुवारी

ठमे,

दुपारी साडेतीनला घरी आले. चहा ठेवलाय. तो उकळेपर्यंत लिहायला घेते, नाहीतर धीर जाईल.

ग्रंथालयात टेबलं जोडून तीन जण बसले होते. मधोमध एक बाई, माझ्याच वयाच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बाहेर बाकावर आम्ही चौघं होतो. हेडसर, किल्लीकाका, मुंगी आणि मी. काकांनी किल्ल्यांचा जुडगा कमरेचा काढून मांडीवर घेतला होता, आजच परत मागतील म्हणून. मुंगीचे ओठ सारखे हलत होते. पाठांतर चाललं होतं.

तिला आधी बोलावलं. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं. "मी कोणाला सांगितलं नव्हतं. बाईंना माहीत नव्हतं. मी आपल्या मनाने गेले." एका दमात म्हणाली, सात एके सात म्हणावं तसं. मधल्या बाईंनी विचारलं, "घाबरली नाहीस ना, बाळ?" आणि मुंगी मान वळवून दाराकडे, माझ्याकडे बघायला लागली.

ती बघायला लागली आणि मी उठले. कोणी बोलावलं नव्हतं. पिशवीत वही होती. सकाळी निघताना टाकली होती, दाखवायला की वाटेत कुठेतरी फेकायला, हे तोपर्यंत माझं मलाच माहीत नव्हतं. मी ती टेबलावर ठेवली, शेवटचं पान उघडून.

"ही मुलगी खोटं बोलतेय," मी म्हणाले. "माझ्यासाठी बोलतेय. तिला बाहेर बसू द्या."

मुंगी रडायला लागली. "बाई, नका ना!" मी तिला काकांजवळ नेऊन बसवलं आणि परत आत गेले. मग सगळं सांगितलं. शोध की म्हणाले ते, शाब्बास, दुपारची झोप, कालवा. काकांनी आत बघून कुलूप घातलं होतं आणि मुलगी नंतर दुसऱ्या दाराने आली, हे दोनदा सांगितलं आणि लिहून घ्यायला लावलं. हेडसर दारात उभे होते. घड्याळाकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

उजवीकडचे गृहस्थ म्हणाले, "म्हणजे ही कोडी, हे खेळ, हेच मूळ कारण."

तिथे मात्र मला राग आला. "कोड्यात काही दोष नाही. त्या पोरीने तुमच्या माझ्या मदतीशिवाय जे शोधून काढलं ते अर्ध्या शिक्षकांना येणार नाही. ती उत्तर घेऊन आली तेव्हा मी तिला थांबवलं नाही, हे कारण आहे. लिहायचं तर माझं नाव लिहा. काड्यांचं लिहू नका."

मधल्या बाईंनी काहीतरी लिहिलं. मग छापील कागद पुढे ओढला आणि शेवटचा प्रश्न वाचला. तो सगळ्यांनाच विचारतात. "यापूर्वी आपल्यामुळे एखाद्या मुलाला किंवा मुलीला इजा झाली आहे का?" उत्तर गृहीत धरूनच त्यांनी पेन 'नाही'वर टेकवलं होतं. माझ्या चौतीस वर्षांच्या नोंदीत एक ओरखडा नाही.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी वर बघितलं. "नोंदीत तसं काही नाही."

"नसणारच. दवाखान्याच्या कागदावर दारात बोट सापडलं असं लिहिलंय. तिथे दार नव्हतंच. अपूर्णांक येत नव्हते म्हणून मी पट्टीच्या कडेने मारलं होतं."

"विद्यार्थिनी याच शाळेतली?"

"माझी मुलगी."

मग त्या बाईंनी जरा हळू आवाजात विचारलं, "हे लिहायलाच हवं असं नाही. ते घरातलं आहे. लिहू का?"

"लिहा."

उद्यापासून मी वर्गावर नाही. पुढचं नंतर कळवणार आहेत. 'क'ला कोण जाणार ते ठरलेलं नाही. काकांचा जुडगा परत कमरेला लागला. ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि मला त्याचा राग आला नाही. मुंगीच्या आईला मी शाळेतून थेट तिच्या घरी जाऊन कालव्याचं सांगितलं. तिने मशीन थांबवलं नाही. ब्लाउज परत करू का, विचारलं, तर म्हणाली, "ठेवा. तुमच्या मापाचा आहे, दुसऱ्या कोणाला काय होणार?" मुंगी मात्र पट्टी बांधलेल्या हाताने मला पार कोपऱ्यापर्यंत पोचवायला आली. काड्यांच्या पेट्या मी तिच्याकडे दिल्यात.

छोटीला माझ्याकडे पाठवू नकोस. तू केलंस ते बरोबर केलंस. या पत्राचंही उत्तर नको. मी पोस्टमनकडे बघत बसणार नाही असं म्हणत नाही, पण ते माझं मी बघेन.

सही करायच्या आधी त्यांनी एकच विचारलं, कागदावर तेवढी जागा रिकामी राहिली होती म्हणून. कुठल्या हाताची करंगळी?

डाव्या, मी म्हणाले. मला आठवावं लागलं नाही.

आई